बारा अ

रस्त्यात कोणी आमच्या सरांना विचारलं, "सातपूरला कुठली बस जाते हो?" की आम्ही विद्यार्थी हळूच मागे सरकायचो. सर सायकलवरून उतरत, ती स्टँडवर लावत आणि सावकाश सांगत, "एक, शून्य, आठ."

"एकशे आठ ना?"

"नाही. एकशे आठ बसगाड्या नाही जात तिकडे. एकच जाते. तिचं नाव एक-शून्य-आठ."

विचारणारा आमच्याकडे बघायचा. आम्ही दुकानांच्या पाट्या वाचत असायचो.

"असं बघा," सर म्हणत, "ही बस आणि ती मागची बस, दोघींच्या नंबरांची बेरीज करा. जी संख्या येईल त्या नंबरची बस कुठे जाईल?"

"मला काय माहीत, साहेब. मला सातपूरला जायचंय."

"कुठेच नाही जाणार. म्हणजे हा आकडा नाही. हे नाव आहे, आकड्यांचे कपडे घालून आलेलं."

तोवर बस गेलेली असायची. सरांना त्याचं काही वाटत नसे. एका माणसाला तरी आज समजलं, अशा चेहऱ्याने ते पुन्हा सायकलवर बसत. त्या माणसाला काय समजलं ते मी एकदा मागे राहून ऐकलं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ज्याची बेरीज केल्यावर अर्थ निघतो तो आकडा, बाकीची सगळी नावं, हा सरांचा धर्म होता. टेलिफोन नंबर हे नाव, घर नंबर हे नाव, परीक्षेचा बैठक क्रमांक हेही नाव. सातपूरच्या ज्या कारखान्यात ते आधी रेकॉर्ड सांभाळायचे, तिथे फाटकावर बिल्ल्याचा नंबर पुकारत. "चारशे सतरा" अशी हाक आली की सर ओ देत नसत. "शून्य-चार-एक-सात म्हणा, येतो," म्हणत. पुकारणाऱ्याला उन्हात एवढा वेळ नसायचा. हळूहळू कारखान्यालाही उरला नाही, आणि सरांनी भद्रकालीत पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन कॉम्प्युटरचा वर्ग काढला.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. नाशकात तेव्हा कॉम्प्युटर बघायला लोक देवळात गेल्यासारखे चपला काढून जात. आमच्याकडेही चपला बाहेर, आणि मोज्यांना वास असेल तर मोजे घालणाराही बाहेर. एवढी काळजी घेऊन शेवटी खालून पीठ यायचंच. सरांच्या खिशात पेनाशेजारी रंगाऱ्याचा एक मऊ ब्रश असे. ते बोलता बोलता कीबोर्डावरचं पीठ झटकत आणि मग चुकून त्याच ब्रशने फळ्याकडे खूण करत, त्यामुळे पुढच्या रांगेतले आम्ही कायम ज्वारीच्या वासाचे असू. गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा. सरांचं अक्षर मुळातच थरथरतं, त्यामुळे दोन थरथरी जुळून आल्या तर एखादी ओळ वाचता यायची.

मी तिथे पोचलो तो बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाने मला पुढे जाऊ द्यायचं नाकारल्यामुळे. ज्याचं माणसांत जमत नाही त्याचं यंत्रात जमेल, असं वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं. पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "प्रकार?"

"साधाच आहे, सर," मी म्हणालो.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. उलट त्यांनी मान हलवली, जणू एवढं प्रामाणिक उत्तर त्यांना पूर्वी कोणी दिलं नव्हतं. मग त्यांनी टेबलाखालून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, दूधवाल्याचं माप आणि विजेचं एक सुटं बटण काढलं. ट्रे म्हणजे पूर्णांक: यात अर्धं अंडं ठेवता येत नाही. माप म्हणजे दशांश: यात पाऊण लिटर बसतं. बटण म्हणजे खरं-खोटं: एक तर चालू, नाही तर बंद. "वापरायच्या आधी मशीनला सांगायचं, की मला अमुक नावाचं, अमुक प्रकारचं भांडं हवं. भांडं चुकलं की पुढचं सगळं चुकलं. आणि ते तेव्हाच कळत नाही, हे त्यातलं वाईट."

मला ते कधीच तेव्हा कळलं नाही. वर्गाच्या मार्कांची सरासरी काढायचा प्रोग्राम लिहायला सांगितला, तेव्हा मी मार्कांऐवजी सगळ्यांच्या हजेरी क्रमांकांची सरासरी काढली. उत्तर साडेसात आलं. मी ते छापून भिंतीवर लावलं. सर बराच वेळ त्या कागदासमोर उभे राहिले.

"म्हणजे आपल्या वर्गाचा सरासरी विद्यार्थी सात आणि आठच्या मधे बसतो," ते म्हणाले. सात नंबर माझा होता आणि आठ जाधवचा. दोघांच्या मधे सरांचा डबा ठेवलेला असे.

जाधव लासलगावकडचा. अंगाने दांडगा, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "सर, डबाच हुशार हाय मग आमच्यापेक्षा."

त्या डब्याचीही गोष्ट आहे. चौकोनी, पत्र्याचा, बिस्किटांचा जुना डबा. सरांची सक्त ताकीद होती, की कोणी उघडायचा नाही. त्यावरूनच ते कॉम्प्युटरच्या एका नव्या भाषेतला 'खासगी' हा शब्द शिकवत. "आत काय आहे, कसं ठेवलंय, याच्याशी तुला कर्तव्य नाही. तुला काय हवंय ते माग. डबा देईल." एका दुपारी मला भूक लागली होती. मागायला सर नव्हते, म्हणून मी डबा उघडला. आत मलमलच्या कापडात गुंडाळलेल्या फ्लॉप्या होत्या, पिठापासून वाचवलेल्या. नुकताच चिवडा खाऊन आलेल्या बोटांनी मी त्यातली एक तिच्या नेमक्या उघड्या खिडकीत धरली. तीत सरांनी बरेच दिवस खपून केलेला प्रोग्राम होता.

सर आले, मशीनने ती फ्लॉपी वाचायला नकार दिला, आणि सरांनी तिचा वास घेतला. मला वाटलं, आता संपलं. पण ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी तुला शब्दाने सांगितलं. डब्याला कुलूप नाही लावलं. नुसतं सांगून खासगी होत नाही काही." आणि कोऱ्या फ्लॉपीवर पहिल्यापासून लिहायला लागले. त्यांनी ओरडावं म्हणून मी संध्याकाळपर्यंत तिथे बसून होतो.

ते एकदा आमच्या घरी आले होते, माझ्या प्रगतीबद्दल सांगायला. सांगण्यासारखं काही नसल्यामुळे लवकर गप्प झाले. आईने पोहे केले होते. "थोडेसे घ्या ना," ती म्हणाली.

"वहिनी, थोडेसे म्हणजे किती?"

"अहो, थोडेसे म्हणजे थोडेसे."

"चमच्यांत सांगा. पूर्णांकात."

आई माझ्याकडे बघायला लागली. वडील वर्तमानपत्राआड गेले. "पाच," आई धास्तावून म्हणाली. सरांनी मोजून पाच चमचे घेतले, आवडीने खाल्ले, आणि आणखी हवेत का म्हटल्यावर "नाही" म्हणाले. आईने आग्रह केला. त्यांनी परत "नाही" म्हटलं. आईने तरी वाढलेच. तेव्हा सरांचा चेहरा इतका दुःखी झाला, की ते गेल्यावर आई म्हणाली, "यांच्या घरी कोणी वारलंय का?"

कोणी वारलं नव्हतं. "नाही" म्हटल्यावर ते कुणालाही 'नाही' वाटत नाही, याचंच त्यांना दुःख होतं.

आणि म्हणूनच ते त्या नव्या भाषेच्या नादी लागले. सी प्लस प्लस. नाशकात तेव्हा तिचं नावही कोणी घेत नव्हतं. गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या वर्गात गारेगार खोली होती, टेबलांची रांग होती, आणि तिथे पगारपत्रकं करायला शिकवत. आमचे बरेचजण तिकडे गेले. सर खिडकीतून त्यांना पिशव्या सावरत जाताना बघायचे. आमच्याकडे पुस्तकाच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा होता, कोणाच्या तरी ओळखीने मुंबईहून आलेला, निम्मी पानं तिरकी. त्याच्यावरून सर आधी रात्री स्वतः शिकत आणि सकाळी आम्हाला शिकवत.

"आधीच्या भाषेत त्यांनी दिलेल्या भांड्यांतच सगळं बसवायचं," ते म्हणत. "इथे आपलं भांडं आपण घडवायचं. आणि त्याला काय जमेल, काय जमणार नाही, तेही आपण ठरवायचं."

साचा आणि वस्तू यांतला फरक दाखवायला त्यांनी आम्हाला गणपतीच्या कारखान्यात नेलं होतं. श्रावण होता. शेडमध्ये बिनरंगाचे गणपती ओळीने वाळत होते. सर म्हणाले, "साचा म्हणजे गणपती नाही. साच्याची पूजा होत नाही. पण साच्यात ठरतं, की याला सोंड असेल. एक गणपती दादरला जाईल, एक मालेगावला. एकाचा रंग बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही." मी साचा नीट समजून घ्यावा म्हणून उचलला. तो ओला होता की मी, ते माहीत नाही. खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

मूर्तिकार उठून उभा राहिला. सर मात्र उजळले. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "साचा फुटला, पण झालेल्या मूर्तींना काही झालं का?"

"मास्तर," मूर्तिकार म्हणाला, "हे पोरगं परत आणू नका."

हे सगळं मी हसत सांगतो, कारण दुसऱ्या तऱ्हेने सांगायला लागलो तर मला जमत नाही. वर्गातली बाकं रिकामी होत होती. आणि ते एकुलतं एक मशीन सरांचं नव्हतं. मुंबईच्या एका डीलरने ते 'चालवून बघा' म्हणून ठेवलं होतं. त्याचा माणूस अधूनमधून यायचा, पॉलिशच्या बुटांसकट आत शिरायचा आणि सर त्याचे पाय बघत बसायचे. एके दिवशी त्याने स्पष्ट सांगितलं, "मास्टरजी, बाहरचं एक तरी काम पकडा. काम मिळालं तर मशीन इथेच राहील, मी साहेबांशी बोलतो. नाही मिळालं तर गाडी पाठवून घेऊन जावं लागेल. मेरे हाथ में नहीं है."

सर म्हणाले, "मशीन गेलं तर वर्ग कशाचा?"

"वही तो बोल रहा हूँ."

काम जाधवने आणलं. लासलगावजवळ कांद्याची एक सहकारी संस्था होती आणि तिच्या कमिटीत जाधवचे मामा होते. रोज किती ट्रॅक्टर आले, कोणाचा माल, किती क्विंटल, कोणी घेतला, हे सगळं मशीनवर करून दाखवा, पसंत पडलं तर काम तुमचं. सर ऐकून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आमच्याकडे पाठ होती, तरी ते हसताहेत हे कळलं.

ते जाधवबरोबर जाऊन दोन दिवस लिलाव बघून आले. येताना कांद्याची सालं केसांत घेऊन आले. प्रत्येक ट्रॅक्टरच्या मालाला तिथे लॉट नंबर देत. कधी ट्रॉली उलटी केल्यावर कळे, की वर गोळा म्हणजे मोठा कांदा आणि खाली गोल्टी, म्हणजे बारका. मग त्या बारक्या ढिगाला वेगळा भाव लागायचा. बाराव्या लॉटमधून निघालेला म्हणून त्याचं नाव 'बारा अ'.

"बारा अ," सर घोळवून घोळवून म्हणत होते. एवढं सुंदर नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आकड्याचे कपडे घातले होते, पण एक बटण उघडं राहिल्यामुळे आतलं नाव दिसत होतं.

त्या लॉट नंबरासाठी सरांनी आपला स्वतःचा प्रकार घडवला. त्याच्यात आकडा राहील, अक्षर राहील, दोन लॉट नंबर सारखे आहेत का ते तो सांगेल. पण त्यांची बेरीज करू म्हटलं तर होणार नाही. सरांनी मला बोलावलं. "तू करून बघ. तुझ्यासारखा दुसरा नाही मिळणार."

मी दोन लॉट नंबरांच्या मधे अधिक चिन्ह टाकलं. मशीन करकरलं, बराच वेळ विचारात पडलं, आणि मग पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की असलं काही मला करता येत नाही.

सरांनी ब्रश खिशात ठेवला. "नाही म्हणालं," ते म्हणाले. "आग्रह कर. परत टाक."

मी परत टाकलं. मशीन परत नाही म्हणालं. त्या दिवशी सरांनी आम्हाला चहा पाजला, आणि टपरीवाल्याला "थोडी साखर" म्हणाले. पूर्णांकाबिर्णांकाचं नाव नाही. सरांना एवढं खूष मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर प्रश्नच नाही.

लासलगावला आम्ही जीपमधून गेलो. मशीन गादीत गुंडाळलेलं, सर त्याला टेकून. संस्थेच्या ऑफिसात पंखा होता, पण तो कांद्याची सालं एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्यापुरता. सरांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्या कमिटीला चपला काढायला लावल्या. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. पांढरं धोतर, भारी माणूस. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग मशीनकडे, आणि चपला काढल्या. डीलरचा माणूसही आला होता. त्यालाही पहिल्यांदाच बूट काढावे लागले.

प्रोग्राम सुरेख चालला. संस्थेचे दिवाणजी पावत्या वाचत होते, जाधव घालत होता. गावांची नावं, वजनं, भाव, सगळं आपापल्या जागी. शेवटी क्विंटलची बेरीज आली, ती दिवाणजींनी तोंडी पडताळली, बरोबर निघाली. जाधवच्या मामांनी मला डोळा मारला.

आप्पा वाकून पडदा बघत होते. "सगळं बरं हाय," ते म्हणाले. "पन या पहिल्या रकान्याखाली बेरीज नाय."

"तो लॉट नंबरचा रकाना आहे," सर म्हणाले.

"मंग? आमच्या पानावर परतेक रकान्याखाली बेरीज असती. दिवाणजी, असती का नाय?"

"असते," दिवाणजी म्हणाले. "माझ्या आधीच्यांपासून आहे."

"तिचा उपयोग काय करता?" सरांनी विचारलं.

दिवाणजींनी आप्पांकडे पाहिलं. "उपयोग म्हणजे... घालतो आम्ही. नाही घातली तर पान उघडं दिसतं."

"आणि बारा अ? त्याची बेरीज कशी करता?"

"अ सोडून देतो."

सरांनी खिशातला ब्रश काढला. मग त्यांनी सुरुवात केली. बसपासून. टेलिफोन नंबरवर आले. दोन घरांच्या फोन नंबरांची बेरीज केली तर घंटा कोणाच्या घरी वाजेल, असं त्यांनी आप्पांना विचारलं. कमिटीत कोणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "मी काय तुमच्या वर्गात बसलो नाय. बेरीज पायजे. चहा घ्या, तवर करून आना. नाय जमत तर तसं सांगा."

आम्ही बाहेर ट्रॅक्टरांच्या मधल्या सावलीत उभे राहिलो. लिलाव चालू होता, एकजण भाव ओरडत पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे. डीलरचा माणूस बूट हातात घेऊन आला. "मास्टरजी, कर दो ना. क्या फरक पड़ता है? नाहीतर मंगळवारी गाडी पाठवावी लागेल मला."

"सर, एक शब्द हाय नुसता," जाधव म्हणाला. "तुमचा लॉटवाला प्रकार काढायचा आन् तिथं पूर्णांक लिहायचं. लय झालं तर दोन मिनटं."

"आणि बारा अ आला तर?"

"अ घालायचा नाय म्हनून सांगू की दिवाणजींला."

"शब्दाने सांगून भागत नाही रे," सर म्हणाले.

मी म्हणालो, "सर, तात्पुरतं. काम मिळू दे, मग परत आपला प्रकार घालू. त्यांना कळणार पण नाही." सर कपात बघत होते, म्हणून मी आणखी म्हणालो, "मशीन गेलं तर आम्ही कशावर शिकायचं?"

मी काय शिकत होतो ते वर आलंच आहे. पण सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरोखरच काहीतरी शिकत होतो. त्यांनी कप खाली ठेवला आणि आत गेले.

त्यांनी स्वतः बदल केला. कीबोर्डावर त्यांची बोटं कधी अडखळत नसत. त्या दिवशी पूर्णांकाची इंग्रजी तीन अक्षरं लिहायला त्यांना वेळ लागला. फ्लॉपी करकरली. त्यांनी दिवाणजींना सांगितलं, "अ घालायचा नाही. बारा अ असेल तर नुसतं बारा." दिवाणजींनी दोनदा मान हलवली.

"आता मी घालतो," आप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले. सगळे सरकून त्यांच्या मागे उभे राहिले. दिवाणजी वाचायला लागले. आप्पा एका बोटाने कळा शोधत होते, सापडली की दाबून धरत होते. एक लॉट गेला, दुसरा गेला. दोघांनाही लय सापडली. जन्मभर पावत्या वाचलेलं दिवाणजींचं तोंड, त्याला कोणी काय सांगितलं होतं ते केव्हाच विसरलं.

"बारा अ," दिवाणजी म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. अजून आप्पांचं बोट एकावरून दोनावर जात होतं, दोनावरून अक्षर शोधत होतं. सांगायला भरपूर वेळ होता. सरांचे ओठ हललेसुद्धा. आप्पांना 'अ'साठीचं इंग्रजी ए डावीकडे सापडलं आणि त्यांनी ते दाबलं, मग एंटर.

पडद्यावर प्रश्न आला, लॉट नंबर? लगेच त्याखाली पुन्हा, लॉट नंबर? मग थांबेचना. तोच प्रश्न खालून उगवत होता आणि वर पळत होता, सगळा पडदा भरून, इतका भरभर की वाचताही येईना.

आप्पांनी बोट उचललं. "हे काय इचारतंय सारखं?"

"लॉट नंबर," सर म्हणाले.

"दिला की."

"त्याला घेता आला नाही. मी त्याला सांगून ठेवलंय की आकडा येणार आहे. आला आकडा आणि अक्षर. ते अक्षर त्याच्या घशात अडकलंय. आता ते विचारत राहील, ऐकणार नाही."

डीलरचा माणूस पुढे झाला. "आप्पासाहेब, व्होल्टेज का लफड़ा है. इकडे व्होल्टेज फार..."

"व्होल्टेज नाही," सर म्हणाले. "चूक आहे. माझी आहे."

"तुमाला ठावं होती?"

"होती."

"मंग केली कशापायी?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

ऑफिसात फक्त पंखा आणि ते पळणारे प्रश्न. आप्पा उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे चपला शोधत होते.

"मास्तर, मघाशी तुमी वाद घालत व्हते, तवा मला वाटलं, मानूस तिरपागडा हाय पन पक्का हाय. मी म्हनलं, बघू तर खरं, किती ताणतो. आन् तुमी चहा पिऊन आले आन् करून टाकलं." एक चप्पल पायात सरकवून ते म्हणाले, "इथं माझ्यासारखे शंभर येत्याल सांगायला. व्यापारी येईल, आडत्या येईल. जो सांगंल ते लिहिनार तुमी. मंग आमचं पान काय वाईट हाय?"

जाधवचे मामा जमिनीकडे बघत होते. सरांनी हात पुढे करून मशीन बंद केलं, आणि इतका वेळ धावत असलेला तो प्रश्न एका ठिपक्याएवढा होऊन गेला.

मंगळवारी डीलरच्या माणसाबरोबर टेम्पो आला. वर्गात मी आणि जाधवच होतो. काम जाधवच्या गावाकडचं होतं, त्यामुळे त्याने डोकं वर केलं नाही. गिरणीवाला धंदा थांबवून बघायला आला. जिना अरुंद, म्हणून मी एक बाजू धरायला गेलो, तर टेम्पोवाला, सर आणि जाधव तिघेही एकदम "तू नको" म्हणाले. मी रिकामा उभा राहिलो.

मागे गादी होती, पण सरांना तिचा भरवसा वाटेना. ते स्वतः टेम्पोत चढले आणि पडद्याचं खोकं मांडीवर घेऊन बसले. "मुंबई नाक्यापर्यंत रस्ता खराब आहे," ते डीलरच्या माणसाला म्हणाले. "पुढे मग चांगला लागतो." मी सायकल काढली आणि मागोमाग निघालो. शालिमारच्या गर्दीत टेम्पो प्रत्येक खड्ड्यात आपटला की सर खोकं वर उचलून धरायचे आणि स्वतः आपटायचे.

मुंबई नाक्याला ते उतरले. खोकं गादीवर नीट टेकवलं, चारी बाजूंनी चाचपलं. "काचेवर ऊन येऊ देऊ नका," एवढंच सांगितलं. टेम्पो हायवेला लागला आणि ट्रकांच्या मागे दिसेनासा झाला, तरी ते तिथेच उभे.

मी म्हणालो, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

"कशाला? खोलीत काही नाही आता."

"तुम्ही आहात की, सर. फळा आहे. झेरॉक्स आहे. आधी फळ्यावरच शिकवत होतात की."

ते माझ्याकडे वळले. शर्टावर खोक्याची धूळ लागलेली, ती त्यांनी झटकली नव्हती.

"मी काय रे," ते म्हणाले. "मला सांगाल ते लिहितो मी."

आणि ट्रक थांबायची वाट न बघता त्यांनी रस्ता ओलांडला.